सात जणांची समिती: चीनची सत्ता नेमकी कुठे बसते?

23 ऑक्टोबर 2022. बीजिंगच्या 'ग्रेट हॉल ऑफ द पीपल'मध्ये पत्रकार ताटकळत उभे होते. दुपारी दरवाजा उघडला आणि सात पुरुष एका रांगेत चालत आले. सर्वांत पुढे शी जिनपिंग, त्यांच्यामागे ली कियांग, मग झाओ लेजी, वांग हुनिंग, त्साय ची, डिंग शुएशियांग आणि शेवटी ली शी. पुढची पाच वर्षं आपल्यावर कोण राज्य करणार, हे चीनच्या 140 कोटी लोकांना त्या क्षणी अधिकृतपणे कळलं. कोण कितव्या क्रमांकाने चालत आला, त्यावरून कुणाचं वजन किती हेही कळलं.

या सात जणांची मिळून चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्युरोची स्थायी समिती होते. 'चीन सरकारने निर्णय घेतला' असं आपली वर्तमानपत्रं लिहितात, आणि लिहिण्याच्या सोयीसाठी ते ठीकच आहे. पण मोठा निर्णय असेल तर तो सरकारकडे पोहोचण्याआधी या समितीत झालेला असतो. मंत्रिमंडळ, संसद, न्यायालयं, लष्कर हे सगळं चीनमध्ये आहे. फक्त त्यातलं काहीही या सात जणांच्या वर नाही. चीनबद्दल गंभीरपणे काही समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

कागदावरची उतरंड

पक्षाची घटना वाचली तर सगळं खालून वर जाताना दिसतं. पक्षाचे सदस्य सुमारे 10 कोटी. दर पाच वर्षांनी ते आपले प्रतिनिधी राष्ट्रीय अधिवेशनाला पाठवतात. 2022 च्या विसाव्या अधिवेशनासाठी असे 2,296 प्रतिनिधी निवडले गेले होते. आठवडाभराच्या अधिवेशनात हे प्रतिनिधी केंद्रीय समिती निवडतात. तिचे 205 पूर्ण सदस्य असतात आणि 171 पर्यायी सदस्य. पर्यायी सदस्यांना मताचा अधिकार नसतो. अधिवेशन संपलं की दुसऱ्याच दिवशी केंद्रीय समिती भरते आणि आपल्यातूनच पॉलिट ब्युरो, त्याची स्थायी समिती आणि पक्षाचा सरचिटणीस निवडते. 2022 मध्ये पॉलिट ब्युरोत 24 जण होते, स्थायी समितीत त्यांच्यापैकीच सात. सरचिटणीस हा स्थायी समितीचाच सदस्य असावा लागतो.

केंद्रीय समितीची बैठक वर्षातून एखाद्या वेळीच होते. एरवी तिचे सगळे अधिकार पॉलिट ब्युरो आणि स्थायी समिती वापरतात. त्यातही पॉलिट ब्युरोचे सगळे सदस्य महिन्यातून साधारण एकदा भेटतात, कारण त्यांच्यातले कित्येक जण दूरच्या प्रांतांचे किंवा महानगरांचे पक्षप्रमुख असतात. सात जण मात्र बीजिंगमध्येच असतात आणि साधारण आठवड्याला एकदा भेटतात. जो रोज हजर, त्याच्याकडे कारभार. सत्ता इतक्या वर आणि इतक्या थोड्या लोकांत गोळा होण्यामागे हे साधं कारणही आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. केंद्रीय समितीच्या निवडणुकीत जागांपेक्षा साधारण 8 टक्के उमेदवार जास्त असतात, म्हणजे थोडेजण तरी पडतात. पॉलिट ब्युरो आणि स्थायी समितीसाठी मात्र जितक्या जागा तितकीच नावं असतात. मतदान होतं, पण निवड आधीच झालेली असते. आणि जे 205 जण मत देतात, ते प्रांतांचे पक्षप्रमुख, मंत्री, सेनाधिकारी यांच्यातले असतात. त्यांची बढती, बदली, निवृत्ती पक्षाच्या संघटन विभागाच्या हातात असते आणि तो विभाग वरच्या मंडळींच्या हाताखाली चालतो. वरचे खालच्यांना नेमतात आणि खालचे वरच्यांना निवडून देतात. ही साखळी एकदा ध्यानात आली की बाकीचं बरंच काही आपोआप उलगडतं.

मग नावं ठरतात कशी? 2007 मध्ये पक्षाने एक वेगळा प्रयोग केला. पॉलिट ब्युरोत कोण यावं यासाठी चारशेहून अधिक वरिष्ठ नेत्यांचा कौल घेतला. 2012 मध्ये तोच प्रयोग स्थायी समितीच्या नावांसाठीही झाला. तो कौल बंधनकारक नव्हता, पण वरच्या वर्तुळात का होईना, मतमोजणीला काही किंमत येऊ लागली होती. 2017 मध्ये तो बंद झाला. सरकारी वृत्तसंस्थेने कारण दिलं की झोउ योंगकांग, सुन झेंगत्साय अशा पक्षातल्या बड्या नेत्यांनी मतं जमवण्यासाठी गैरप्रकार केले होते. त्याऐवजी समोरासमोर चर्चा करून नावं ठरवली गेली. स्वतः शी यांनी 57 जणांशी बोलून त्यांची मतं ऐकली, असं त्या वृत्तात म्हटलं होतं. ज्याने ऐकायचं आणि ऐकलेल्यातून अर्थ काढायचा, तो माणूस एकच. मला हा बदल फार मोठा वाटतो, पण त्याची चर्चा त्या मानाने खूपच कमी झाली.

सात जणांची सात खाती

समितीतला प्रत्येक जण एकेका यंत्रणेच्या डोक्यावर बसलेला असतो. शी यांच्याकडे तीन पदं आहेत: पक्षाचे सरचिटणीस, केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्ष आणि राष्ट्राध्यक्ष. आपण त्यांना 'राष्ट्राध्यक्ष शी' म्हणतो, पण तिन्हींत सर्वांत दुबळं पद तेच आहे. ताकद पहिल्या दोन पदांत आहे. चीनचं लष्कर देशाचं नव्हे, पक्षाचं आहे. ते लष्करी आयोगाचा हुकूम पाळतं. स्थायी समितीत 1997 नंतर एकही गणवेशधारी सेनाधिकारी आलेला नाही. त्यामुळे सात जणांपैकी लष्कराशी थेट दोर बांधलेला माणूस फक्त सरचिटणीसच असतो.

दुसऱ्या क्रमांकाचे ली कियांग पंतप्रधान आहेत, अर्थव्यवस्था आणि प्रशासन त्यांच्याकडे. झाओ लेजी राष्ट्रीय लोक काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे प्रमुख. वांग हुनिंग हे मुळात शांघायच्या फुदान विद्यापीठातले प्राध्यापक. तीन वेगवेगळ्या नेत्यांच्या काळात पक्षाच्या विचारसरणीची मांडणी त्यांनी केली, आणि आता राजकीय सल्लागार परिषदेचे प्रमुख आहेत. त्साय ची पक्षाचं सचिवालय आणि केंद्रीय कार्यालय सांभाळतात. डिंग शुएशियांग पहिले उपपंतप्रधान. सातवे ली शी शिस्तपालन आयोगाचे प्रमुख. त्यांचा क्रमांक शेवटचा असला तरी पक्षातल्या कुणालाही चौकशीसाठी उचलण्याची ताकद त्यांच्या यंत्रणेत आहे.

या सात जणांत एकही स्त्री नाही. स्थायी समितीत आजवर कधीच नव्हती. 2022 मध्ये तर 24 जणांच्या पॉलिट ब्युरोतही एकही स्त्री उरली नाही, आणि असं पंचवीस वर्षांत प्रथमच घडलं. 'अर्धं आकाश स्त्रियांनी पेललं आहे' असं ज्या पक्षाने अख्ख्या देशाला शिकवलं, त्या पक्षाची ही स्थिती मला मनापासून खटकते.

बैठकीत काय होतं

बैठका बीजिंगमधल्या झोंगनानहाय या बंदिस्त परिसरात होतात. जुन्या राजवाड्याला लागूनच पश्चिमेला हा तलावांचा परिसर आहे. बैठकांचं इतिवृत्त प्रसिद्ध होत नाही. बहुतेक बैठका झाल्या हेसुद्धा बाहेर कळत नाही. एखादी बैठक जाहीर करायची ठरली तरच संध्याकाळी सातच्या सरकारी बातम्यांत तिचा वृत्तान्त येतो, आणि त्याची भाषा घासूनपुसून गुळगुळीत केलेली असते.

कामकाजाचं तत्त्व आहे लोकशाही केंद्रवाद. आत मोकळेपणाने बोला, पण निर्णय झाला की अल्पमताने बहुमताचं ऐकायचं, खालच्यांनी वरच्यांचं ऐकायचं आणि बाहेर एकच सूर लावायचा. हे तत्त्व लेनिनचं. आपल्याकडच्या कम्युनिस्ट पक्षांनीही ते स्वीकारलं आहे. 1964 मध्ये स्थापन झालेल्या मार्क्सवादी पक्षाच्या पहिल्या पॉलिट ब्युरोत आपले बी. टी. रणदिवे होते. याच पक्षात 1996 मध्ये ज्योती बसूंना पंतप्रधानपद समोरून आलं होतं. केंद्रीय समितीने बहुमताने नकार दिला. बसूंची स्वतःची इच्छा वेगळी होती, सरचिटणीस सुरजीतही त्यांच्या बाजूने होते, तरीही दोघांनी तो निर्णय पाळला. पुढे बसूंनी त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. हे तत्त्व शब्दशः पाळलं गेलं, तर सरचिटणीससुद्धा हरू शकतो, हे त्या प्रसंगाने दाखवलं.

चीनमध्ये सरचिटणीस हरेल अशी सोय 1982 साली मुद्दाम करायचा प्रयत्न झाला होता. माओंच्या काळात एका माणसाच्या हाती सगळी सत्ता गेल्यामुळे देशाने काय भोगलं, ते माओंनंतरचे सर्वांत बलाढ्य नेते डेंग झियाओपिंग यांनी स्वतः सोसलं होतं. ऑगस्ट 1980 मधल्या एका भाषणात त्यांनी सत्तेच्या अति केंद्रीकरणावर स्पष्ट टीका केली. दोन वर्षांनी पक्षाच्या नव्या घटनेतून 'अध्यक्ष' हे पदच काढून टाकलं. उरला सरचिटणीस. पॉलिट ब्युरो आणि स्थायी समितीच्या बैठका बोलावणं आणि सचिवालयाचं काम पाहणं हे त्याचं काम, एवढंच घटनेत लिहिलं. बरोबरीच्या लोकांतला पहिला, अशी ती कल्पना होती.

2020 साली केंद्रीय समितीच्या कामकाजाची नियमावली जाहीर झाली. तिच्यात या बैठकांचे विषय सरचिटणीस ठरवेल असं लिहिलं आहे. वाचायला हा किरकोळ तपशील वाटेल. पण सहकारी सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही माहीत असतं, की विषयपत्रिका ज्याच्या हातात, सभा त्याच्या हातात. जो विषय पटलावर आलाच नाही, त्यावर बहुमत कसलं होणार? त्याआधी, 2017 पासून, पॉलिट ब्युरोच्या प्रत्येक सदस्याने वर्षातून एकदा आपल्या कामाचा लेखी अहवाल केंद्रीय समितीला आणि सरचिटणीसाला द्यायचा, असाही नियम झाला. बरोबरीची माणसं एकमेकांना असे अहवाल देत नाहीत.

याशिवाय पक्षाच्या केंद्रीय आयोगांचं एक जाळं आहे. सुधारणा, वित्त आणि अर्थव्यवस्था, परराष्ट्र व्यवहार, राष्ट्रीय सुरक्षा, यांतल्या प्रत्येक आयोगाच्या अध्यक्षपदी शी आहेत. पूर्वी अर्थव्यवस्था हा पंतप्रधानांचा प्रांत मानला जाई. आता धोरण आयोगात ठरतं, मंत्रिमंडळ ते राबवतं. संसदेचं वार्षिक अधिवेशन संपलं की पंतप्रधान पत्रकारांना सामोरे जात, ही तीस वर्षांची प्रथाही 2024 मध्ये बंद झाली.

हे यंत्र प्रत्यक्ष चालताना पाहायचं असेल तर करोनाचा काळ आठवा. 7 जानेवारी 2020 रोजी स्थायी समितीची बैठक झाली. त्या दिवशीच्या सरकारी बातम्यांत नव्या आजाराचा उल्लेख नव्हता. हा आजार माणसाकडून माणसाला होतो, हे लोकांना 20 जानेवारीला सांगितलं गेलं आणि 23 तारखेला वुहान बंद झालं. 25 जानेवारीला, ऐन चिनी नववर्षाच्या दिवशी, समितीची बैठक पुन्हा झाली आणि ती टीव्हीवर ठळकपणे दाखवली गेली. फेब्रुवारीत पक्षाच्या मुखपत्रात शी यांचं भाषण छापून आलं, त्यात त्यांनी म्हटलं होतं की 7 तारखेच्या बैठकीतच आपण साथ रोखण्याच्या सूचना दिल्या होत्या. म्हणजे वरच्या सात जणांना विषय माहीत होता आणि वुहानच्या रहिवाशांना धोक्याचं खरं स्वरूप जवळपास दोन आठवडे कुणी सांगितलं नाही. खालचे अधिकारी वरून हिरवा कंदील मिळेपर्यंत तोंड उघडत नाहीत. या पद्धतीची ती सर्वांत महाग किंमत होती, असं मी मानतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वरून हुकूम सुटला की तो राबवण्याचा वेग अफाट असतो. मे 2022 मध्ये समितीने कडक निर्बंधांचं धोरण ठामपणे पुढे रेटायचं ठरवलं, त्याविरुद्ध बोलणाऱ्यांशी लढा द्यायचं ठरवलं आणि देशभर तसंच झालं. 10 नोव्हेंबरला त्याच समितीच्या बैठकीनंतर काही निर्बंध सैल झाले. महिनाअखेरीस अनेक शहरांत लोक रस्त्यावर उतरले आणि 7 डिसेंबरला जवळपास सगळंच धोरण गुंडाळलं गेलं. तीन वर्षं जे सक्तीने चाललं, ते महिन्याभरात संपलं. ना संसदेत चर्चा, ना कुणी राजीनामा दिला.

वाद झाला तर दाद कुणाकडे?

इथे या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग येतो. समितीत फूट पडली तर तिच्यावर पंच कोणी नाही. इतिहासात अशा वेळी काय घडलं ते पाहण्यासारखं आहे.

9 सप्टेंबर 1976 रोजी माओ गेले. त्या वेळी स्थायी समितीत चारच जण उरले होते: हुआ गुओफेंग, ये जियानयिंग, वांग हाँगवेन आणि झांग चुनचियाओ. शेवटचे दोघे माओंच्या पत्नी जियांग चिंग यांच्या 'चौकडी'तले. 6 ऑक्टोबरच्या रात्री त्या दोघांना स्थायी समितीच्या बैठकीचं बोलावणं गेलं. विषय होता माओंच्या निवडक लेखनाचा पाचवा खंड. ते झोंगनानहायमध्ये पोहोचले आणि तिथेच पकडले गेले. समितीच्या अर्ध्या सदस्यांनी उरलेल्या अर्ध्यांना समितीच्याच बैठकीच्या नावाखाली अटक केली. मतं दोन विरुद्ध दोन होती, पण पहारेकरी एका बाजूला होते.

जानेवारी 1987 मध्ये सरचिटणीस हू याओबांग यांना जावं लागलं. पक्षाच्या घटनेप्रमाणे त्यांना काढण्याचा अधिकार केंद्रीय समितीचा. प्रत्यक्षात ते घडलं पॉलिट ब्युरोच्या 'विस्तारित' बैठकीत. 'विस्तारित' म्हणजे सदस्य नसलेली ज्येष्ठ मंडळीही आत येऊन बसली.

1989 मध्ये तर फूट उघड पडली. तिआनानमेन चौकात विद्यार्थी बसलेले, समितीत पाच जण. 17 मे रोजी डेंग यांच्या घरी बैठक झाली. मार्शल लॉ लावायला सरचिटणीस झाओ झियांग यांचा विरोध होता आणि हू चिली यांचीही तयारी नव्हती. ली पेंग आणि याओ यीलिन बाजूने होते. चाओ शी यांनी ठाम बाजू घेतली नाही. निर्णय दिला डेंग यांनी, आणि डेंग त्या समितीचे सदस्यच नव्हते! 1987 मध्येच ते समितीतून बाहेर पडले होते. मात्र महत्त्वाच्या प्रश्नांवर त्यांचा शब्द घ्यायचा, असा गुप्त ठराव तेव्हाच झाला होता. झाओंनी ही गोष्ट एक दिवस आधी गोर्बाचोव्ह यांना जाहीरपणे सांगितली, आणि तो त्यांच्यावरचा एक आरोप ठरला. मार्शल लॉच्या निर्णयावर समितीत औपचारिक मतदान झालंच नाही, असं झाओंनी नजरकैदेत गुपचूप ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या आठवणींत म्हटलं आहे. 2005 मध्ये मृत्यू येईपर्यंत, पंधरा वर्षांहून अधिक काळ, ते नजरकैदेतच होते. सत्तेच्या सर्वोच्च खुर्चीवर बसून 'लष्कर नको' म्हणणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

अलिखित नियम आणि त्यांचं आयुष्य

डेंग यांच्यानंतर पक्षाने काही संकेत रुजवले. अधिवेशनाच्या वेळी वय 67 किंवा कमी असेल तर राहायचं, 68 झालं की जायचं. सर्वोच्च पदावर दहा वर्षं. समितीतून निवृत्त झालेल्याला तुरुंगात पाठवायचं नाही. गटागटांत जागा वाटून घ्यायच्या. शी यांच्याआधीचे सरचिटणीस हू जिंताओ यांच्या काळात समितीत नऊ जण होते आणि प्रत्येक जण आपापल्या खात्यात जवळपास स्वतंत्र होता. पोलीस आणि न्याययंत्रणा सांभाळणारे झोउ योंगकांग तर इतके बलाढ्य झाले, की त्यांच्या खात्याला आवर घालणं कठीण होऊन बसलं. 2012 मध्ये समिती पुन्हा सातांची झाली, पोलीस-न्याय हे खातं तिच्या बाहेर गेलं, आणि 2015 मध्ये निवृत्त झोउ यांना भ्रष्टाचाराबद्दल जन्मठेप झाली. एक संकेत संपला. मार्च 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदतींची मर्यादा देशाच्या घटनेतून काढली गेली. संसदेत बाजूने 2,958 मतं, विरोधात दोन.

ऑक्टोबर 2022 मध्ये वयाचा संकेतही संपला. शी 69 वर्षांचे असूनही राहिले. त्यांच्याहून लहान, 67 वर्षांचे तेव्हाचे पंतप्रधान ली केकियांग आणि समितीतलेच वांग यांग बाहेर गेले. नव्याने आत आलेल्यांत ली कियांग, त्साय ची आणि डिंग शुएशियांग यांनी झेजियांग, फुजियान किंवा शांघायमध्ये शी यांच्या हाताखाली काम केलेलं आहे. ली कियांग यांना उपपंतप्रधानपदाचा अनुभवही नव्हता. समितीत सात माणसं आहेत, पण सात वेगवेगळे आधार नाहीत. पाठीशी स्वतःचा गट असेल, तरच माणूस बैठकीत 'नाही' म्हणू शकतो.

आपल्या दृष्टीने एक तपशील महत्त्वाचा आहे. सीमाप्रश्नावर भारताच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांशी चीनतर्फे वांग यी बोलतात. 2022 मध्ये ते पॉलिट ब्युरोच्या 24 जणांत आले, पण सातांत नाहीत. ते निरोप आणतात, निरोप नेतात. त्यांच्या पदाने जितकं बांधून दिलं आहे, त्यापलीकडचं वचन ते देऊ शकत नाहीत. म्हणून लडाखच्या वाटाघाटींत चर्चेच्या फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि खरी गाठ दोन देशांचे सर्वोच्च नेते भेटतात तेव्हाच सैल होते. ऑक्टोबर 2024 मध्ये गस्तीबाबत समझोता झाला आणि लगेच कझानमध्ये मोदी आणि शी भेटले, तेव्हा हेच दिसलं.

पुढचं अधिवेशन 2027 मध्ये अपेक्षित आहे. 2007 मध्ये शी आणि ली केकियांग यांना पन्नाशीच्या आसपास असतानाच समितीत घेतलं होतं, म्हणजे पाच वर्षं आधी वारसदार दिसत होते. 2010 मध्ये शी लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. आज सातांतले सर्वांत तरुण डिंग शुएशियांग 1962 चे आहेत, आणि शी सोडले तर लष्करी आयोगात एकही बिगरलष्करी नेता नाही. पक्षाच्या घटनेत वारसदार कसा निवडायचा यावर एक ओळही नाही. माओंनी निवडलेले दोन वारसदार, लिउ शाओची आणि लिन बियाव, त्यांच्या हयातीतच संपले. तिसरे, हुआ गुओफेंग, माओंनंतर काही वर्षांतच बाजूला सारले गेले. पुढच्या सात जणांच्या यादीत पन्नाशीतला कुणी आहे का, आणि त्याला लष्करी आयोगात जागा मिळते का, या दोन गोष्टींकडे माझं लक्ष राहील.